कोडच्या आधीचं वाक्य

सणासुदीच्या दिवसांत माझा फोन पार्सलच्या मेसेजनी भरून जातो. ऑर्डर मिळाली, माल निघाला, गोदामात पोचला, आज येतोय. त्या संध्याकाळी माझी पाच पार्सलं वाटेत होती. त्यातलं एक भाच्यासाठी मागवलेलं. तो दोन वर्षांनी सुट्टीला घरी येणार होता आणि चार दिवसांत परत जाणार होता, त्यामुळे ते वेळेत हातात पडायलाच हवं हे दिवसभर डोक्यात घोळत होतं. सात वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला : 'पत्ता अपूर्ण असल्याने आपले पार्सल गोदामात थांबवले आहे. बारा तासांत पत्ता दुरुस्त न केल्यास ते परत पाठवले जाईल.' खाली लिंक होती. मी लगेच उघडली.

नंतर घरच्यांनी, ऑफिसातल्यांनी, ओळखीपाळखीच्या सगळ्यांनी मला एकच विचारलं, "तुझ्यासारखीला कसं कळलं नाही?" मी हिशेब तपासते. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका शोधणं हेच माझं काम. म्हणून तो प्रश्न फार लागला, आणि म्हणूनच काय काय घडलं ते मी त्याच आठवड्यात वेळेनिशी उतरवून काढलं. ती वही समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तो मेसेज परक्या नंबरावरून आला नव्हता. त्या कुरिअर कंपनीचे आधीचे खरे मेसेज जिथे होते, बरोबर त्यांच्याखाली तो येऊन बसला होता. एसएमएसवर पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं ते पाकिटावरच्या प्रेषकाच्या नावासारखं असतं, लिहिणारा काहीही लिहू शकतो. काही देशांनी अशा नावांची नोंदणी सक्तीची केली आहे, सगळ्यांनी नाही. फोन मात्र फक्त नाव बघतो आणि एका नावाचे सगळे मेसेज एका रांगेत लावून मोकळा होतो. वरचे चार खरे, म्हणून पाचवाही खरा, असं मी मनात न बोलताच धरून चालले.

पान उघडलं. कंपनीचा रंग, कंपनीचं चिन्ह, सगळं जागच्या जागी. पत्त्याच्या पट्टीत 'एचटीटीपीएस' होतं, आणि तेवढं मी आवर्जून पाहिलंसुद्धा. कारण 'एचटीटीपीएस' आणि त्याचं कुलूप दिसलं की साइट सुरक्षित, हे आम्हाला कधीकाळी शिकवलेलं. त्या कुलपाचा खरा अर्थ एवढाच, की माझ्या फोनपासून त्या साइटपर्यंतची वाट बंदिस्त आहे, मधल्या मधे कोणी वाचू शकत नाही. वाटेच्या पलीकडच्या टोकाला कोण बसलंय याबद्दल ते काहीच सांगत नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट'सारख्या संस्थेकडून २०१५ पासून कोणालाही फुकट मिळतं, म्हणजे चोरालाही मिळतं. गूगलनं सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधलं कुलपाचं चिन्ह बदललं ते याच कारणानं, लोक त्याचा अर्थ 'ही साइट भरवशाची' असा घेत होते. मीही तसाच घेत होते.

पत्ता भरला, फोन नंबर भरला. मग 'पुन्हा वितरणाचे शुल्क' म्हणून अगदी किरकोळ रक्कम मागितली. एवढ्याशा पैशासाठी कोण फसवेल, असंच वाटतं. पण त्यांना ती रक्कम नकोच असते. ती आपल्याला कार्डाच्या रकान्यापर्यंत आणण्यापुरती असते.

आणि इथे एक गोष्ट घडली, जिचा मी अजूनही विचार करते. कार्डाचा नंबर घालताना माझा एक आकडा चुकला. पानानं लगेच लाल अक्षरांत सांगितलं, 'कार्ड क्रमांक चुकीचा आहे.' मी कार्ड पुन्हा पाहिलं, खरंच चुकला होता. तो सुधारला आणि त्या क्षणी माझी उरलीसुरली शंकाही गेली. पानाला माझी चूक कळली, म्हणजे ते बँकेशी बोलतंय, असा मी अर्थ काढला.

तो अर्थ सपशेल चूक होता. कार्डाच्या नंबरातला शेवटचा आकडा हा आधीच्या आकड्यांवरून ठरलेला असतो. आयबीएममध्ये काम करणाऱ्या हान्स पीटर लून यांनी ही पद्धत काढली आणि १९६० मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. उजवीकडून मोजत जायचं, दर दुसरा आकडा दुप्पट करायचा, दुप्पट नऊच्या वर गेली तर त्यातून नऊ वजा करायचे, आणि सगळ्यांची बेरीज करायची. बेरजेला दहानं पूर्ण भाग गेला तर नंबर रचनेनं बरोबर. कुठलाही एक आकडा चुकला की भाग जात नाही. यासाठी बँक लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. मी नंतर वहीच्या मागच्या पानावर माझ्याच कार्डाचं गणित पेन्सिलनं करून पाहिलं, दोन मिनिटं लागली. मग ते पान फाडून त्याचे बारीक तुकडे केले.

कार्डाची मुदत घातली, मागचे तीन आकडे घातले. पानावर एक चक्र फिरत राहिलं आणि फोनवर बँकेचा मेसेज आला. तो खरा बँकेचाच होता. माझ्या फोनला एक सोय आहे, मेसेजमधला कोड तो स्वतःच उचलतो आणि कीबोर्डच्या वर दाखवतो. नुसते सहा आकडे. बोट लावलं की ते रकान्यात जाऊन बसतात. मी बोट लावलं. पान म्हणालं, 'कोड चुकीचा. पुन्हा पाठवला आहे.' दुसरा आला, तोही तसाच भरला. 'धन्यवाद, आपले पार्सल उद्या पोचेल.' सात वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मी हुश्श केलं आणि कामाला लागले.

नऊ बावन्नला फोन पुन्हा हातात घेतला तेव्हा दोन मेसेज येऊन पडले होते. नऊ चाळीसला एका दुकानात माझ्या कार्डानं खरेदी झाली होती, नऊ चव्वेचाळीसला दुसरी, ऑनलाइन. कार्ड माझ्या पर्समध्ये, पर्स खुंटीवर. पायांतलं बळ गेलं म्हणतात ते काय असतं ते त्या मिनिटाला कळलं. मी वर सरकत सरकत संध्याकाळचे बँकेचे मेसेज गाठले आणि पहिल्यांदा ते पूर्ण वाचले. 'आपले कार्ड मोबाईल वॉलेटमध्ये जोडण्यासाठी हा कोड वापरा.' मग सहा आकडे. मग, 'हा कोड कोणालाही देऊ नका. ही विनंती आपण केली नसल्यास ताबडतोब कळवा.'

सगळं लिहिलेलं होतं. पार्सलचा त्यात शब्दही नव्हता. पैसे देण्यासाठीचा तो कोडच नव्हता. माझं कार्ड दुसऱ्या कोणाच्या तरी फोनमध्ये बसवण्यासाठीची ती परवानगी होती, म्हणजे कार्डाऐवजी नुसता तो फोन टेकवून दुकानात पैसे देता येतात, आणि ती मी माझ्या बोटानं दिली होती. दोनदा.

नवरा तोवर दुसऱ्या फोनवर बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक शोधत होता. "हा घे, पहिलाच आलाय," म्हणाला. माझ्या हातात तेव्हा कार्ड होतं, उलटं धरलेलं, आणि मागच्या बाजूला छापलेला नंबर वेगळा होता. दोन्ही का जुळत नाहीत याचा विचार करायला वेळ नव्हता, मी कार्डावरचा लावला. दुसऱ्या दिवशी बँकेत विचारलं तेव्हा कळलं, शोधात वर आलेला तो नंबर बँकेचा नव्हताच. घाबरलेली माणसं नंबर शोधणार हे ओळखून फसवणारे असे नंबर पेरून ठेवतात. त्या रात्री मी तो लावला असता तर पलीकडच्या माणसानं 'मदतीसाठी' म्हणून एखादं ॲप घ्यायला सांगितलं असतं आणि माझ्या फोनचा पडदा त्याच्या हातात गेला असता. आमच्या ओळखीत एकांचं असं झालेलं आहे.

फोन लागला नऊ छप्पन्नला. मी वहीत लिहिलं : ९.५६. बोलणाऱ्या मुलीचं नाव विचारून लिहिलं, तक्रार क्रमांक लिहिला. कामातली सवय, बाकी काही नाही. पण पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या एका ओळीचा.

तिनं कार्ड बंद केलं, नवं पाठवते म्हणाली. मी फोन ठेवला. दहा वाजून पंधरा मिनिटांनी तिसरा मेसेज आला. आणखी एका दुकानात खरेदी. बंद केलेल्या कार्डावर!

पुन्हा फोन. या वेळी जो माणूस लागला त्याला विषय नीट माहीत होता. त्यानं सांगितलं ते असं. कार्ड वॉलेटमध्ये जोडलं की त्या फोनला कार्डाचा खरा नंबर दिला जात नाही, एक पर्यायी नंबर दिला जातो. त्याला टोकन म्हणतात. प्रत्येक फोनचं टोकन वेगळं. माझ्या बँकेत प्लास्टिकचं कार्ड बंद करणं आणि टोकन बंद करणं ही दोन वेगळी कामं निघाली, आणि पहिल्या मुलीनं एकच केलं होतं. "मॅडम, तुमच्या कार्डाला आत्ता दोन उपकरणं जोडलेली दिसताहेत. दोन्ही तुमची का?" मी आयुष्यात कधी मोबाईल वॉलेट वापरलेलं नाही. दोन कोड, दोन फोन. 'कोड चुकीचा, पुन्हा पाठवला आहे' याचा उलगडा तेव्हा झाला. पहिला कोड अजिबात चुकला नव्हता.

त्यानंच पुढे सांगितलं, की टोकन तसंच राहिलं तर काही वेळा नवं कार्ड निघाल्यावर ते आपोआप नव्या कार्डाला जोडलं जातं. एरवी ती सोयच आहे, कार्ड बदललं तरी वॉलेट चालू राहतं. पण माझ्यासारखीच्या बाबतीत चोरालाही नवं कार्ड आयतं मिळालं असतं. म्हणून ज्याचं कार्ड असं गेलं असेल त्यानं 'कार्ड बंद करा' एवढंच म्हणून फोन ठेवू नये. 'माझ्या कार्डाला किती उपकरणं जोडलेली आहेत, ती सगळी काढा, आणि काढल्याचं मला सांगा' असं स्पष्ट म्हणावं. हे वाक्य मला नऊ छप्पन्नला माहीत असतं तर बरं झालं असतं.

त्या रात्री नवरा म्हणाला, "ते घाणेरडे मेसेज आधी काढून टाक." मी काढू दिले नाहीत. प्रत्येकाचा स्क्रीनशॉट घेतला, वेळ दिसेल असा. लिंक पुन्हा उघडली नाही, नुसती वहीत अक्षर अन् अक्षर उतरवली. उतरवताना दिसलं, की कंपनीचं नाव होतं खरं, पण सुरुवातीला होतं. सुरुवातीचं 'https://' सोडून साइटचा पत्ता पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत घ्यायचा आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचायचा. मालक कोण ते त्या शेवटच्या तुकड्यांत असतं. डावीकडे कोणीही कोणाचंही नाव लावू शकतं. माझ्या पत्त्यात कंपनीचं नाव, मग एक टिंब, मग काहीतरी अगम्य अक्षरं होती. भाचा आल्यावर त्यानं नोंदणी शोधून दाखवली, ते नाव मेसेजच्या चार दिवस आधी नोंदवलेलं होतं. इतकी मोठी कुरिअर कंपनी आणि तिची साइट चार दिवसांची? हे बघायला कोणालाही एक मिनिट पुरतं, पण पार्सल अडकलंय म्हटल्यावर त्या मिनिटाचीच घाई असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायबर गुन्ह्यांची तक्रार द्यायला गेले. रांग होती. समोरचे अधिकारी शांतपणे, पण न थांबता टाइप करत होते. सुट्ट्यांच्या दिवसांत असंच असतं म्हणाले. त्यांनी मागितलेली प्रत्येक गोष्ट माझ्या वहीत होती : व्यवहारांचे क्रमांक, वेळा, मेसेज, लिंक, बँकेचा तक्रार क्रमांक. त्यामुळे माझं काम लवकर झालं.

माझ्या मागे एक तरुण जोडपं होतं. सुट्टीत राहायला म्हणून त्यांनी एक घर ठरवलं होतं, फोटो बघून. घरमालक म्हणाला, साइटवरून पैसे दिलेत तर तिचं कमिशन जातं, मला थेट पाठवा, स्वस्तात देतो. पाठवले. मग मालकानं फोन घेणं बंद केलं. फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी घराचे, तिसऱ्याच गावातले होते. तोच फोटो टाकून इंटरनेटवर शोध घेतला असता तर मूळ घर सापडलं असतं, हे त्यांना तिथेच, त्या बाकावर कळलं. ती मुलगी सारखी एकच म्हणत होती, "किती गोड बोलत होता हो."

त्यांच्या पलीकडे एक वयस्कर गृहस्थ. त्यांना त्यांच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या नावानं मेसेज आला होता. मी बैठकीत आहे, फोन घेता येत नाही, सगळ्या कर्मचाऱ्यांना सणाची भेट द्यायची आहे, गिफ्ट कार्डं घ्या आणि नंबर खरवडून त्यांचे फोटो पाठवा. अध्यक्षांचा फोटोही होता मेसेजला. अधिकाऱ्यांनी त्यांना समजावून सांगितलं ते मी ऐकत होते. गिफ्ट कार्डाचा नंबर म्हणजे रोख पैसे, एकदा दुसऱ्याच्या हातात गेला की काही मिनिटांत वापरून संपतो, आणि तो परत फिरवायला मधे बँक नसते. म्हणून तर ते गिफ्ट कार्ड मागतात. गृहस्थ मान खाली घालून ऐकत होते. मला उठून त्यांच्याजवळ बसावंसं वाटलं, आणि बसले. आम्ही काही बोललो नाही फारसं.

मग बँकेचं प्रकरण. ते सात आठवडे चाललं.

ऑनलाइन खरेदीचं काम सोपं निघालं. त्या दुकानानं माल अजून पाठवला नव्हता. बँकेचा निरोप पोचल्यावर त्यांनी ऑर्डर रद्द केली आणि पैसे परत आले. इथे वेळ कामाला आली. दोन दिवसांनी कळवलं असतं तर माल गेला असता. कार्ड कंपन्यांच्या नियमांत बऱ्याच प्रकारच्या तक्रारींना १२० दिवसांची मुदत असते असं सांगतात आणि लोक निवांत होतात. पण ती मुदत बँकेनं दुकानाच्या बँकेकडे दावा लावायची असते. आपण आपल्या बँकेला सांगायचं ते त्याच तासात.

उरले दुकानातले दोन व्यवहार. त्यांवर बँकेचं उत्तर आलं : 'सदर व्यवहार आपल्या नोंदणीकृत मोबाईलवर पाठवलेल्या कोडद्वारे प्रमाणित झालेल्या वॉलेटमधून झाले असल्याने बँक जबाबदारी स्वीकारू शकत नाही.' ते वाचून मी एक पूर्ण दिवस काही केलं नाही. वाईट याचं वाटलं की त्यात तथ्य होतं.

दुसऱ्या दिवशी वही काढली आणि एका कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे वेळ, उजवीकडे घटना. ९.४०, पहिली खरेदी. ९.५६, बँकेला फोन, अमुक तक्रार क्रमांक, बोलणाऱ्या व्यक्तीचं नाव. १०.१५, दुकानातली दुसरी खरेदी. खाली एवढंच लिहिलं : 'मी कळवल्यानंतर एकोणीस मिनिटांनी हा व्यवहार झाला. त्या वेळी माझं कार्ड तुमच्या नोंदीप्रमाणे बंद होतं. हा व्यवहार मंजूर कसा झाला, याचं लेखी उत्तर द्यावं.' रागाचा एकही शब्द घातला नाही. राग होता, पण कागदावर वेळा होत्या आणि त्या जास्त बोलत होत्या.

तीन आठवड्यांनी त्या व्यवहाराचे पैसे जमा झाले. पहिल्याचे, नऊ चाळीसच्या खरेदीचे, मिळाले नाहीत. मी वरच्या पातळीवरही दाद मागितली, तिथेही नाहीत मिळाले. बँकेनं दिलं ते कळवल्यानंतरचं, गेलं ते कळवण्याच्या आधीचं. सात पंचवीस ते नऊ चाळीस या सव्वादोन तासांत मी एकदा जरी फोन हातात घेऊन कोडचे ते दोन मेसेज वाचले असते तर तेही पैसे वाचले असते. हे मला अजून सलतं.

याच काळात एके दुपारी फोन आला. बाई अतिशय नम्र. बँकेच्या फसवणूक प्रतिबंध विभागातून बोलते म्हणाल्या. माझं पूर्ण नाव, पत्ता, जुन्या कार्डाचे शेवटचे चार आकडे, सगळं बरोबर सांगितलं. "मॅडम, तुमचे गेलेले पैसे आम्ही अडवून ठेवलेत. ते सोडवून घ्यायला थोडं प्रक्रिया शुल्क भरावं लागेल." गेलेले पैसे परत मिळणार हे ऐकायला मन इतकं आसुसलेलं असतं, की मी क्षणभर पेन हातात घेतलंसुद्धा. मग लक्षात आलं, ही सगळी माहिती मीच त्या पानावर भरली होती. नाव, पत्ता, कार्डाचा नंबर. बँकेखेरीज ती आणखी एकाच माणसाकडे होती. मी म्हटलं, "मी कार्डावरच्या नंबरावर फोन करून विचारते." त्या म्हणाल्या, "मग फाइल बंद होईल, मॅडम." मी फोन ठेवला. एकदा फसलेल्यांची यादी पुढे विकली जाते आणि त्यांना 'पैसे मिळवून देतो' म्हणून पुन्हा गाठलं जातं. माझ्या मते पहिल्या फसवणुकीपेक्षा हे क्रूर आहे, कारण यात माणसाची आशाच धरून ओढतात.

पुढच्या सणाच्या आधी मी घरात काही गोष्टी बदलल्या. ऑनलाइन खरेदीला वेगळं कार्ड घेतलं, मर्यादा कमी ठेवली. प्रत्येक व्यवहाराचा मेसेज येईल असं करून घेतलं. कोड आपोआप उचलणारी फोनची सोय बंद केली. आता मेसेज उघडावा लागतो, आणि उघडला की आकड्यांच्या आधीचं वाक्य डोळ्यांखालून जातंच. ऑर्डर केली की वहीत एक ओळ : काय, कोणासाठी, कुठल्या कुरिअरनं, क्रमांक काय. मेसेज कुठलाही आला तरी लिंक उघडायची नाही, दुकानाच्या ॲपमध्ये जाऊन बघायचं किंवा साइटचा पत्ता स्वतः टाइप करायचा. भाच्यानं सुचवलं म्हणून घरात एक सांकेतिक शब्दही ठरवला. हल्ली थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून कोणाचाही आवाज बनवता येतो, त्यामुळे घरच्या माणसाच्या रडक्या आवाजात पैशांची मागणी आली तर आधी तो शब्द विचारायचा. तो शब्द अर्थात इथे लिहीत नाही.

हे सगळं मी आईला समजावायला गेले. तिला घाबरवायचं नव्हतं, म्हणून माझ्यापासूनच सुरुवात केली. संध्याकाळ, मेसेज, कोड, तिसरी खरेदी, सगळं सांगितलं. ती काही न बोलता ऐकत होती. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "मलापण आला होता गं असा. गेल्या वर्षी. भरले मी."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाल, आता हिला फोन देऊ नका."

मला काय बोलावं सुचेना. तिचा दोष नव्हता. आम्हीच तिच्यासमोर दुसऱ्यांच्या अशा बातम्या वाचताना 'लोक इतके कसे बावळट असतात' असं कितीदा म्हटलेलं. ते ऐकून तिनं एक वर्ष ही गोष्ट मनात ठेवली, आणि त्या वर्षात तिचं कार्ड तसंच चालू होतं. आम्ही त्याच दुपारी बँकेत फोन केला. मी तिलाच बोलायला लावलं. "माझ्या कार्डाला किती उपकरणं जोडलेली आहेत?" तिनं कागदावर लिहून घेतलेलं वाक्य चष्मा लावून वाचलं. एकही नव्हतं. कार्ड तरी आम्ही बदलून घेतलं.

परवा रात्री साडेआठला तिचा फोन आला. "पार्सलचा मेसेज आलाय. ऐकतेस का, वाचते." आणि तिनं तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत सावकाश वाचून दाखवला, लिंकच्या अक्षरांसकट. मी वही उघडून तिच्या नावाची ओळ शोधत होते. तिच्यासाठी काही मागवलेलंच नव्हतं.

"नाही गं आई, आपलं काही नाहीये वाटेत."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "शेजारच्या वहिनींनापण सकाळपासून हाच आलाय. थांब, त्यांना सांगून येते." आणि फोन तसाच चालू ठेवून ती गेली. दार उघडल्याचा आवाज आला, मग तिची हाक.